वाचक विचारतात : खाशाबा की प्रिचर्ड?

या वेळी आलेल्या पत्रांत क्विझ नाईटचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून अख्खं पान त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई, आमचा मित्रांचा ग्रुप दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये क्विझ ठेवतो. चार-चार जणांची टेबलं, हरलेल्या टेबलानं जेवणाचं बिल द्यायचं. गेल्या वेळी प्रश्न होता, ‘ऑलिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक पदक कुणी मिळवून दिलं?’ तीन टेबलांनी खाशाबा जाधव लिहिलं, एकानं नॉर्मन प्रिचर्ड. क्विझमास्टरच्या कागदावर खाशाबाच होतं, म्हणून प्रिचर्डवाल्यांना शून्य दिलं तर ती पोरं ताटावरनं उठून गेली, अजून बोलत नाहीत. बरोबर कोण? (शिवाजी पेठ)

उत्तर : त्या पोरांना पॉइंट द्या आणि आजच फोन करा. खाशाबावाल्यांचाही काढू नका, कारण घोळ प्रश्नातच आहे.

नॉर्मन प्रिचर्ड कलकत्त्यात जन्मलेला धावपटू. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावणं आणि २०० मीटर हर्डल्स अशा दोन्हीत त्यानं रौप्य घेतलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ही दोन्ही पदकं भारताच्या खात्यात धरते, अॅथलेटिक्सची जागतिक संघटना मात्र त्याला ब्रिटनचा खेळाडू म्हणते. म्हणजे नुसतं ‘भारताला’ असं विचारलंत की दार उघडं राहिलं. तिथं ‘स्वतंत्र भारताला’ असा एक शब्द जास्त टाकला असता तर उत्तर एकच निघतं, खाशाबा दादासाहेब जाधव, १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाईल कुस्तीचा बँटमवेट गट, ब्राँझ. त्या एका शब्दानं तुमची चार माणसं जेवून गेली असती.

आणि खाशाबांवर प्रश्न काढायचाच तर नावावर कशाला थांबता, ते तर आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते आणि तिथंच पहिल्यांदा मॅटवर खेळायची वेळ आली, तोवर सगळी कुस्ती लाल मातीतली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परत आले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मी एकदा क्विझमध्ये विचारलं होतं, ‘१९५२ साली कोल्हापूरच्या एका प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, कुणासाठी?’ हॉल दोन मिनिटं गप्प होता, मग कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक आजोबा, नातवाबरोबर आलेले, तोवर एकही उत्तर न दिलेले, पेन मागून घेऊन स्वतः लिहायला लागले. तो कागद मी ठेवलाय, वर रश्श्याचा डाग आहे आणि ‘खाशाबा’च्या खाली दोन रेघा ओढल्यात.

अजून एक जागा सांभाळा. खाशाबांचं गाव गोळेश्वर, ते कराड तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात. कोल्हापुरात ते शिकले, इथल्या तालमीत घडले, म्हणून आपण त्यांना आपलंच म्हणतो आणि म्हणावंच, पण ‘कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला’ असं लिहिलंत की खाशाबा हे उत्तर चुकलं. तिथं नेमबाज स्वप्नील कुसाळे येतो, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ पॅरिस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, ब्राँझ. आणि खाशाबांनंतरचं वैयक्तिक पदक विचारलं तर पोरं हमखास आत्ताची नावं घेतात. ते लिअँडर पेसचं आहे, १९९६, अटलांटा, टेनिस. मधे ४४ वर्षं गेली.

प्रश्न : पंचगंगेच्या पाच नद्या कुठल्या? आमच्या टेबलाला चारच आठवल्या आणि अर्धाच पॉइंट मिळाला. (उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवी सरस्वती, ती गुप्त मानतात, म्हणून नकाशात शोधून सापडत नाही. पुढच्या वेळी ‘डोळ्यांना दिसणाऱ्या चार’ असं विचारायला सांगा. पुढं पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, हा बोनसला चांगला.

प्रश्न : माझ्याकडं थोरल्या भावाची स्पर्धा परीक्षेची जुनी पुस्तकं आहेत, त्यातनंच प्रश्न काढतो. पण आजकाल पोरं मोबाईल दाखवून उत्तर चूक आहे म्हणतात. पुस्तकात छापलेलं चूक कसं असेल? (राजारामपुरी)

उत्तर : छापलं त्या दिवशी ते बरोबरच असणार. पण काही उत्तरं शिळी होतात दादा, दुधासारखी, आणि ती ओळखायला शिकायला लागतं. सगळ्यात जास्त उपग्रह कुठल्या ग्रहाचे, हा प्रश्न बघा. २०२३ च्या सुरुवातीला थोडे महिने गुरू पुढं होता, मग शनीनं गाठलं, आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या चंद्रांना एकदम मान्यता मिळाली, तेव्हा आकडा २७४ वर गेला. एव्हरेस्टची उंची आपण शाळेत ८८४८ मीटर घोकली, २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून ८८४८.८६ जाहीर केली. महाराष्ट्राचे जिल्हे १९६० ला २६ होते, पालघर झाल्यापासून, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासून, ३६ आहेत. असल्या प्रश्नात तारीख घालूनच विचारायचं, ‘राज्य स्थापन झालं तेव्हा किती जिल्हे’, म्हणजे ते उत्तर कधीच शिळं होत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे जे कधीच बरोबर नव्हतं पण पुस्तकात छापत आलेत. राष्ट्रीय खेळ हॉकी असं सगळे सांगतात, पण सरकारनं तसा कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही. हिंदी राष्ट्रभाषा नाही, घटनेच्या ३४३ व्या कलमात ती संघराज्याची राजभाषा आहे. आणि जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट सहारा म्हणून कार्डावर लिहू नका, ते अंटार्क्टिका आहे, सहारा उष्ण वाळवंटांत पहिलं. इथं मी जरा कडक बोलते, पण माणसं रात्री अकराला तुमच्याकडनं जे ऐकून घरी जातात ते सकाळी पोरांना सांगतात, त्यामुळं कार्ड लिहिताना दोन ठिकाणी तपासून बघा.

प्रश्न : आमच्यात सीएची पोरं आहेत, गॅरेजवाले आहेत, एका टेबलावर सासू-सून पण येतात. सगळ्यांना जमतील असे प्रश्न कसे काढायचे? सोपे काढले तर सगळ्यांना दहापैकी दहा, अवघड काढले तर हॉल झोपतो. (कसबा बावडा)

उत्तर : मला विचाराल तर हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. चांगला प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर टेबलावर कुणालाच पाठ नाही, पण चौघांनी डोकं लावलं की निघतं. उदाहरण देते. ‘कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग कधी मिळाला?’ (जीआय टॅग म्हणजे ही वस्तू याच भागातली असा सरकारी शिक्का.) ह्यात फक्त पाठांतर आहे, २०१९, येत असेल तर येतं, नाहीतर बसा गप्प. तोच असा विचारा, ‘२०१९ मध्ये एका वस्तूला जीआय टॅग मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. या हॉलमध्ये ती वस्तू आत्ता आहे. कुठली?’ मग बघा काय होतं, एकजण गूळ म्हणतो, दुसरा म्हणतो गूळ तर फक्त कोल्हापूरचा, कर्नाटक कशाला येईल, सासूबाई म्हणतात हॉलमध्ये आहे म्हणजे खायचं नसेल, अंगावर घालायचं काहीतरी, आणि सून टेबलाखाली बघते. सीए असो नाहीतर गॅरेजवाला, सगळे एकाच पातळीवर येतात.

तसंच, ‘प्रभात फिल्म कंपनी कुठल्या साली निघाली’ यापेक्षा ‘पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ज्या कंपनीचा स्टुडिओ होता ती पुण्याला येण्याच्या चार वर्षं आधी कुठल्या गावात सुरू झाली’ हे विचारा. १९२९ ला ती आपल्या कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्याला गेली. पुण्याचे पाहुणे आले असतील त्या दिवशी जरूर विचारा.

प्रश्न : टाय झाला तर काय करायचं? मागच्या वेळी आम्ही चिठ्ठी टाकली, बरं वाटलं नाही. (मंगळवार पेठ)

उत्तर : चिठ्ठी नको. आकड्याचा प्रश्न ठेवा, जो कुणाला बरोबर येणार नाही असा, आणि जवळचा जिंकला. ‘कळसूबाईची उंची किती मीटर?’ दोन्ही टेबलांनी कागदावर लिहायचं, घडी घालायची, एकदमच उघडायची. उत्तर १६४६. तोंडी मागू नका, दुसरं टेबल ऐकून त्यात दहा मिळवून सांगतं.