सोफ्यामागे खरंच कोणी लपत होतं का?

मागच्या अंकात लंडनमधल्या बालपणाविषयी लिहिताना मी ‘डॉक्टर हू’चा ओझरता उल्लेख केला, आणि पत्रांची रीघ लागली. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यापुरतं सांगते: बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती सुरू झाली. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी टार्डिस नावाच्या यानातून काळात आणि अवकाशात भटकतो. हे यान दिसायला ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या टेलिफोन खोक्यासारखं, बाहेरून एवढंसं आणि आत भलंमोठं. मरायला टेकला की डॉक्टर नव्या शरीरानं उठून बसतो, त्यामुळे नट बदलला तरी गाडी पुढे चालू. १९८९ ते २००५ ती बंद होती, मध्ये १९९६ साली एक टीव्हीपट तेवढा झाला.

ताई, माझा जावई इंग्रज. या मालिकेचा विषय निघाला की त्याच्याकडचे झाडून सगळे सांगतात, ‘आम्ही सोफ्यामागे लपून बघायचो.’ सगळ्यांच्याच घरी एकच तऱ्हा कशी?

तुमची शंका रास्त आहे. आमच्या साउथॉलच्या घरात सोफा भिंतीला इतका चिकटून होता की त्यामागे मांजरही शिरलं नसतं, आणि त्या रांगेतल्या बाकीच्या घरांच्या खोल्याही तेवढ्याच. मी उशी तोंडासमोर धरून बसायचे. धाकटा भाऊ दाराआड उभा राहायचा, एक डोळा आत ठेवून. पण ‘सोफ्यामागे’ ही तिकडची बोलायची पद्धतच पडून गेली आहे. १९९१ साली लंडनच्या म्यूझियम ऑफ द मूव्हिंग इमेजमध्ये मालिकेचं प्रदर्शन भरलं, त्याचं नावसुद्धा ‘बिहाइंड द सोफा’ असंच होतं. तेव्हा व्याह्यांना खोटं पाडायला जाऊ नका. ते घाबरायचे हे खरंच असणार.

माझी स्वतःची भीती मात्र सोफ्याशी नाही, ईलिंगच्या बाजारपेठेशी जोडलेली आहे. जानेवारी १९७० मध्ये ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ ही चार भागांची कथा लागली. जॉन पर्टवी हा तिसरा डॉक्टर त्यात पहिल्यांदा आला आणि मालिका पहिल्यांदा रंगीत झाली. आमच्याकडे भाड्याचा कृष्णधवल टीव्ही, त्यामुळे रंगांशी आमचा संबंध नव्हता. शेवटच्या भागात दुकानांच्या काचेमागचे प्लास्टिकचे पुतळे सकाळच्या वेळी हळूच हलायला लागतात आणि बाहेर फुटपाथवर येतात. त्यांचा पंजा बिजागरीवर लटकावा तसा खाली पडतो आणि मनगटातून बंदुकीची नळी पुढे येते. बसची वाट बघत उभी असलेली साधी माणसं पटापट मरतात.

हे चित्रीकरण झालं होतं ईलिंगलाच, जिथे आई मला २०७ नंबरच्या बसनं खरेदीला न्यायची. त्यानंतर कितीतरी महिने मी फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेनं चालत असे, म्हणजे मी आणि दुकानाच्या काचा यांच्यामध्ये आई राहायची. आईची समजूत, पोरीला गाड्या बघायला आवडतं.

आता गंमत ऐका. माझी शाळेतली एक मैत्रीण आजही छातीठोकपणे सांगते की त्या भागात काचा खळ्ळकन फुटून तुकडे उडताना तिनं पाहिले. तो भाग मी तिला समोर बसवून दाखवला. पुतळे हलतात, काच फुटल्याचा आवाज येतो, आणि पुढच्या दृश्यात पुतळे थेट फुटपाथवर. काच फुटताना कुठेच दिसत नाही, कारण काचा फोडायला पैसेच नव्हते. सगळं काम त्या आवाजावर भागवलं आहे. मैत्रीण म्हणाली, ‘नंतर कापलं असेल.’ २६ मार्च २००५ रोजी मालिका नव्यानं सुरू झाली तेव्हा ‘रोझ’ या पहिल्याच भागात तेच पुतळे परत आले आणि या खेपेला काचा खरोखर फुटल्या. तिचा लगेच फोन: ‘बघ, मी काय सांगत होते?’ यावर काय बोलणार!

बीबीसीनं जुने भाग पुसून टाकले असं वाचलं. एवढी गाजलेली मालिका कोणी पुसतं का? आणि चित्रच नाही तर चाहते आठवणी सांगतात त्या कशाच्या जोरावर?

पुसले हो. कोणाचा दुष्टावा नव्हता, नुसता हिशेब होता. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप महाग असायची आणि पुसली की पुन्हा वापरता यायची. नटांच्या इक्विटी या संघटनेशी झालेल्या करारामुळे जुने कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या, कारण जुन्याच कार्यक्रमांवर भागायला लागलं तर नव्यात काम कोणाला मिळणार? घरी व्हिडिओ बघण्याची सोय नव्हती. म्हणजे एकदा दाखवून झालेला भाग म्हणजे कपाटातली अडगळ. परदेशी विकण्यासाठी काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतीही हक्क संपले की निकालात निघायच्या. हा प्रकार १९७८ पर्यंत चालला. पहिल्या दोन डॉक्टरांचे, म्हणजे विल्यम हार्टनेल आणि पॅट्रिक ट्राउटन यांचे मिळून २५३ भाग. त्यातल्या नव्वदहून अधिक भागांची चित्रफीत आज नाही.

पण आवाज सगळ्याच्या सगळ्या भागांचा आहे, आणि तो बीबीसीनं नाही, पोरांनी राखला. स्पूलवाला टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर मांडायचा, मायक्रोफोन स्पीकरला लावायचा आणि घरातल्यांना दम भरून गप्प बसवायचं. कोणी हुशार असेल तर टीव्हीच्या आतून थेट वायर काढायचा. आमच्या शेजारच्या घरातला एक थोराड मुलगा हे उद्योग करायचा. मायक्रोफोन चालू असताना त्याची आई चहाला हाका मारायची आणि हा ओ देत नसे, नुसते हात उडवून तिला परत पाठवायचा. त्याच्या टेपवर त्या हाका आहेत की नाही देव जाणे, पण मी मालिकेचे कित्येक जुने प्रसंग आधी ऐकले ते त्याच्या खोलीत, जमिनीवर बसून. त्यामुळे डालेकांचा, म्हणजे धातूच्या डबड्यात बसलेल्या डॉक्टरच्या शत्रूंचा, तो घोगरा, तुटक आवाज मला त्यांच्या डबड्याच्या आधी आठवतो.

दुसरी शिदोरी फोटोंची. जॉन क्युरा नावाचे गृहस्थ चालू कार्यक्रमाचे टीव्हीच्या पडद्यावरून फोटो काढत आणि नट-दिग्दर्शकांना विकत. त्यांच्या कामाचा तोच एक पुरावा असायचा. चाहत्यांच्या टेप आणि क्युरांचे फोटो जुळवून कितीतरी हरवलेले भाग पुन्हा उभे केले गेले. ट्राउटनच्या पहिल्या कथेचा, ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’चा, एकही भाग पूर्ण उरलेला नाही. २०१६ साली जुन्या आवाजावर ती पूर्ण कथा ॲनिमेशनमध्ये आली.

आणि तिसरी, माझ्या जिव्हाळ्याची, म्हणजे टार्गेट प्रकाशनाची पुस्तकं. टीव्हीवरच्या कथांची ही छोटी कादंबरी-रूपं. १९७३ पासून ती येत गेली. एकट्या टेरन्स डिक्स यांनी साठाच्या वर लिहिली. पुढे मी वाचनालयात नोकरीला लागले तेव्हा या पुस्तकांना चिकटपट्टी लावण्यात माझ्या कित्येक दुपारी गेल्या. ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुलं १९६७ ची कथा प्रसंगन् प्रसंग सांगायची, ती या पुस्तकांच्या जोरावर. डिक्स यांचं इंग्रजी सोपं आणि भरभर पळणारं. वाचायचा कंटाळा असलेल्या मुलग्यांना वाचायला लावण्यात त्यांनी आम्हा ग्रंथपालांपेक्षा जास्त काम केलं असं माझं मत आहे.

हरवलेलं सापडलं की काय होतं तेही सांगते. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ (सायबरमेन म्हणजे अर्धी माणसं, अर्धी यंत्रं असलेले शत्रू) ही १९६७ ची कथा जुने चाहते थरथरत्या आवाजात सांगायचे. हाँगकाँगहून तिचे चारही भाग मिळाले आणि १९९२ साली ती व्हिडिओवर आली. थडग्यातून सायबरमेन बाहेर पडतात ते दृश्य तेवढंच जबरदस्त निघालं, पण एका धिप्पाड माणसाला उचलून फेकतात तिथली तारही स्पष्ट दिसली. उलट ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही कथा रटाळ म्हणून सगळ्यांनी कोपऱ्यात टाकली होती. २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरातून तिचे हरवलेले भाग मिळाले, आणि ट्राउटननं डॉक्टर आणि हुकूमशहा सालामांडर अशी दुहेरी भूमिका काय झोकात केली आहे ते लोकांना तेव्हा दिसलं. आवाजावरून ते कळणार तरी कसं?

तुमच्या मते सर्वांत चांगला डॉक्टर कोण?

पर्टवी. मखमली कोट, झालरीचा शर्ट, बेसी नावाची पिवळी मोटार. ज्याला त्याला आपल्या आठव्या-नवव्या वर्षी भेटलेला डॉक्टर प्यारा असतो. माझ्या भावाचा टॉम बेकर. तो लांबलचक मफलर ज्यांनी विणला त्या बेगोनिया पोप यांना गरजेपेक्षा खूप लोकर दिली गेली होती, त्यांनी ती सगळीच विणून टाकली. आमच्या आईनं भावासाठी तसाच विणायला घेतला आणि गुडघ्यापर्यंत आल्यावर सुया ठेवून दिल्या. तो जन्मभर कुरकुरतोय.

या मालिकेशी कोणा भारतीयाचा संबंध आहे का?

सुरुवातीपासूनच. पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा, तेव्हा वय पंचविशीच्या आत. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्टही तरुण. बीबीसीच्या साहेबी कारभारात एक बाई आणि एक भारतीय, म्हणजे कोणाच्या भुवया वर गेल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा. लाइम ग्रोव्हमधला जुनाट, कोंदट स्टुडिओ त्यांच्या वाट्याला आला. पहिला भाग एकदा चित्रित करून पसंत पडला नाही, पुन्हा केला. तो दाखवला गेला केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवावा लागला.

आणि ११ नोव्हेंबर २०१८ चा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’. लेखक विनय पटेल. डॉक्टर म्हणजे जोडी व्हिटेकर आपल्या सोबतिणीच्या, यास्मिन खानच्या आजीच्या तरुणपणात जाऊन पोहोचते, ऑगस्ट १९४७ मध्ये. मला वाटलं होतं, राक्षस आणून फाळणीचा विचका करतील. तसं झालं नाही. परग्रहावरचे ते प्राणी मारायला आलेले नसतात, जे एकटे मरतात त्यांच्याजवळ थांबायला आलेले असतात. मारणारा घरातलाच निघतो. साउथॉलला आमच्या शेजारी राहणाऱ्या पंजाबी मावशींबरोबर मी तो भाग पाहिला. शेवटी मालिकेचं नेहमीचं संगीत भारतीय ढंगाच्या गायकीत वाजलं, तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि नावं संपेपर्यंत मला उठू दिलं नाही.

माझी नात दहा वर्षांची आहे. तिला कुठून सुरुवात करून देऊ?

२००५ च्या ‘रोझ’पासून. १९६३ पासून क्रमानं दाखवायला जाऊ नका, चौथ्या भागाला पळून जाईल. रुळली की ‘सिटी ऑफ डेथ’ (१९७९) दाखवा: पॅरिस, मोनालिसाची चोरी आणि भरपूर हशा. ‘ब्लिंक’ (२००७) उत्तम आहे, पण त्यातले दगडी देवदूत आपण पापणी मिटली की पुढे सरकतात, तेव्हा रात्री झोपताना नको. ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ला (१९७७) अनेक जुने चाहते डोक्यावर घेतात. त्यात चिनी जादूगार म्हणून गोरा नट रंगवून उभा केला आहे आणि चिनी माणसांबद्दल नाही नाही ते बोललं जातं. ती मोठी झाल्यावर, तुम्ही शेजारी बसून दाखवा.