यमन, मींड आणि वक्र छत: ज्यूरीच्या एका प्रश्नाबद्दल

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाच्या ‘संगीत विद्यालय’ या प्रकल्पासाठी तुम्ही यमन राग ही संकल्पना घेतली, संगणकावर लाटांसारखे वाहणारे छत काढले आणि ज्यूरीने, म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या परीक्षकांनी, ‘हा आकार कुठून आला?’ एवढेच विचारून शीट बाजूला ठेवली. आता छत ठेवावे की टाकून द्यावे, असा तुमचा प्रश्न आहे. छत टाकून द्यायची घाई करू नका, पण ज्यूरीचा प्रश्न रास्त होता हे आधी मान्य करावे लागेल.

माझ्या प्रबंध प्रकल्पात मी याहून भाबडा प्रकार केला होता. तीनतालाच्या ध्वनिमुद्रणाचा आलेख घेतला आणि दर्शनी भिंतीवर जाळी म्हणून तो जसाच्या तसा उतरवला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारले, “तीनतालाऐवजी रूपक ताल असता तर इमारतीत काय बदलले असते?” जाळीची भोके बदलली असती, हेच खरे उत्तर होते. एकही जिना, एकही खोली, एकही तुळई जागची हलली नसती. तेव्हापासून संगीतावर बेतलेला कोणताही प्रकल्प मी याच प्रश्नाने तपासतो. वास्तुकला म्हणजे गोठलेले संगीत, हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निम्म्या शीटवर तरी असते. गोठवले नेमके काय, ते मात्र लिहिलेले नसते.

अभ्यासायचेच असेल तर १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनातला फिलिप्स पॅव्हेलियन, म्हणजे फिलिप्स कंपनीचा मंडप, नीट अभ्यासा. काम वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयाचे होते, पण आकार घडवला तो तिथे काम करणाऱ्या यानिस झेनाकिस यांनी. ते शिक्षणाने अभियंता आणि वृत्तीने संगीतकार. त्याआधी, १९५३-५४ मध्ये, त्यांनी ‘मेटास्टासिस’ ही वाद्यवृंदरचना लिहिली होती. तिच्यात तंतुवाद्यांचे वादक वेगवेगळ्या स्वरांवरून निघतात आणि आपापल्या वेगाने दुसऱ्या स्वरापर्यंत सरकत जातात. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येकाची एकेक लांब मींड. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर स्वराची उंची घेतली, तर एकसारख्या वेगाने जाणारी प्रत्येक मींड कागदावर सरळ रेषा होते आणि अशा पुष्कळ रेषा शेजारी शेजारी आल्या की त्यांच्या कडेने आपोआप वक्र उमटतो. पॅव्हेलियनच्या भिंती याच तत्त्वाने झाल्या आहेत: सरळ रेषा सरकवून तयार होणारा पृष्ठभाग, म्हणजे हायपरबोलिक पॅराबोलॉइड, ज्याला आपण वर्गात ‘हायपार’ म्हणतो. संगीतातून इमारतीत आला तो नियम. लाटेचे चित्र नव्हे.

हा नियम बांधकामातही उपयोगी पडला. भिंती साधारण ५ सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तुकड्यांच्या होत्या. हे तुकडे जमिनीवरच वाळूच्या साच्यांत ओतले आणि मग पोलादी तारांच्या ताणाने जागी धरले. आत संगीतकार एडगार व्हारेझ यांची सुमारे आठ मिनिटांची इलेक्ट्रॉनिक रचना शेकडो ध्वनिक्षेपकांतून भिंतींवर फिरत असे, आणि दोन खेळांच्या मधल्या वेळात झेनाकिस यांचीच, जळत्या कोळशाच्या तडतडीतून केलेली छोटी रचना वाजे. पुढच्याच वर्षी पॅव्हेलियन पाडला गेला. प्रदर्शनांतल्या इमारतींचे बहुधा असेच होते.

आता संगणक थोडा वेळ बंद ठेवा. बांबूच्या ३० सेंटीमीटरच्या चार काड्यांचा चौकोन करा, समोरासमोरचे दोन कोपरे १२ सेंटीमीटर उचलून टेकू द्या, चारही काड्यांवर दर सेंटीमीटरला खूण करा आणि समोरासमोरच्या खुणांना दोरा ताणत जा. पहिले सात-आठ दोरे होईपर्यंत काहीच दिसत नाही. मग एकदम घोड्याच्या खोगिरासारखा पृष्ठभाग दिसू लागतो, आणि त्यात एकही वाकडा दोरा नसतो. एक कोपरा दोन सेंटीमीटर खाली घेतला तर सगळे छत कसे बदलते, हे बोटांना कळते. शिवाय सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीटचा साचा उभारणाऱ्याला, सरळ फळ्या कोणत्या दिशेने लावायच्या, हेही त्याच दोऱ्यांवरून सांगता येते.

छताचे इतके पुरे. यमनाचा खरा उपयोग मला तुमच्या प्लॅनमध्ये दिसतो आणि तिथे तुम्ही त्याला हातही लावलेला नाही. यमनाच्या आरोहात षड्ज (सा) आणि पंचम (प) पुष्कळदा वगळले जातात: नि रे ग, तीव्र मध्यम, ध नि. तरीही तानपुऱ्यावर हेच दोन स्वर सतत वाजत असतात. म्हणजे जे कायम कानावर आहे, त्यावर चढताना पाय ठेवायचा नाही. तुमच्या मधल्या चौकाला षड्ज माना. वर जाणारा रॅम्प प्रत्येक वळणावर चौक दाखवील, पण चौकात उतरवणार नाही. परतीची वाट मात्र सरळ तिथेच येऊन थांबेल. यमनाऐवजी भैरव असता तर काय, असे कोणी विचारले तर आता उत्तर आहे: भैरवात आंदोलित, म्हणजे झुलवत लावलेले, कोमल ऋषभ (रे) आणि धैवत (ध) हीच थांबायची ठिकाणे आहेत, तेव्हा त्या प्लॅनमध्ये चौकापेक्षा त्याच्या लगतच्या ओसऱ्यांना महत्त्व आले असते.

एक गोष्ट मात्र तातडीने दुरुस्त करा. तुमच्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात, सभागृहावरचा घुमटाकार भाग ९ मीटर उंच आहे आणि त्याची त्रिज्याही जवळपास तितकीच आहे. याचा अर्थ वक्रतेचा मध्य थेट जमिनीच्या पातळीवर येतो आणि छतावरून परतणारा आवाज श्रोत्यांच्या आसपास एका जागी गोळा होतो. विजापूरच्या गोल घुमटात पर्यटक टाळी वाजवून पुन्हा पुन्हा येणारा प्रतिध्वनी ऐकतात. तशाच जागी विलंबित ख्याल गाणाऱ्याचे काय होईल, याची कल्पना करा. त्रिज्या उंचीच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त ठेवावी, हा ढोबळ नियम आहे. हायपार इथेही सोयीचा, कारण तो एका दिशेने आत वळतो तेव्हा दुसऱ्या दिशेने बाहेर वळतो, त्यामुळे घुमटासारखा सगळा आवाज एका बिंदूत आणत नाही.

पुढच्या ज्यूरीला दोऱ्यांचे मॉडेल, चौकाभोवतीच्या मार्गाचा प्लॅन आणि वक्रतेचा मध्य ठळक दाखवलेला सेक्शन, एवढे तीनच आधी टेबलावर ठेवा. संगणकावरचे वाहणारे चित्र न्यायचेच असेल तर न्या, पण कोणी मागितल्याशिवाय उघडू नका.