१६ डिसेंबरच्या आत तक्रार दाखल करा

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या वाचकाचं चार पानी पत्र आहे. थोडक्यात असं: लॅपटॉप हळू चालतो म्हणून त्यांनी तो ११ डिसेंबर २०२३ रोजी नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात नवी विंडोज टाकायला दिला. विंडोज तर चढली नाहीच, वर डी ड्राइव्हवरची सगळी कागदपत्रं गेली. दुकानदार वर्षभर ‘करून देतो ना भाऊ, टेन्शन काऊन घेता’ म्हणत राहिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यानं हात वर केले. मग यांनी लॅपटॉप यवतमाळच्या एका मुलाकडे टाकला, तिथंही तीच गत. आता विचारतात की पोलिसांत जाऊ का, पाच लाख मागू का, आणि पावतीवर ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची राहील’ असं छापलंय त्याचं काय. पत्राच्या शेवटी लिहितात, ‘घाई नाही साहेब, फेब्रुवारी २०२७ पर्यंत मुदत आहे. कापूस वेचून झाला की येतो भेटायला.’

घाई आहे. हे लिहितोय ते नोव्हेंबर २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात, आणि माझ्या हिशेबानं तुमच्या हातात चार आठवडेही नाहीत. मोबाइल असो, मोटारपंप असो की लॅपटॉप, दुरुस्तीतल्या भांडणांची जी पत्रं येतात त्यांतल्या बहुतेकांत हीच चूक असते. दुकानदारानं ‘नाही’ म्हटलं त्या दिवसापासून लोक दोन वर्षं मोजतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं देतं हे खरं, पण ती मोजायची तक्रारीला कारण घडलं त्या दिवसापासून. तुमच्या बाबतीत ते कधी घडलं, हे तुम्हीच पत्रासोबत जोडलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटमध्ये लिहिलेलं आहे.

दुकानदाराचा १६ डिसेंबर २०२३ चा संदेश पुन्हा वाचा. ‘फॉरमॅट मारला तरी विंडोज चढत नाही. डी पण गेला.’ काम बिघडलं आणि नुकसान झालं, हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. तुमची सगळी केस याच संदेशावर उभी आहे, आणि मुदतही इथूनच सुरू झाली. त्या दिवशी तुम्हाला सगळं कळलं होतं. पुढचं वर्षभर जे चाललं त्या होत्या विनवण्या, आणि विनवण्या केल्यानं मुदत थांबत नाही. नोटीस पाठवल्यानंही थांबत नाही.

दुकानदार आश्वासनं देत होता, म्हणून कारण सतत घडत राहिलं आणि मुदत शेवटच्या नकारापासून धरावी, असा युक्तिवाद करता येतो. काही प्रकरणांत आयोगांनी तो मान्य केला आहे, काहींत फेटाळला आहे. मी तुमचं वकीलपत्र घेतलं तर तो करीनही, पण दुसरी फळी म्हणून. पहिली फळी म्हणजे १६ डिसेंबर २०२५ च्या आत दाखल झालेली तक्रार. विरुद्ध पक्षानं मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर निभावेल, अशी आशाही धरू नका. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की तक्रार मुदतीत आहे का, हे आयोगानं स्वतःहून तपासायचं आहे.

उशीर झाला तर कलम ६९ च्या दुसऱ्या पोटकलमाखाली विलंब माफीचा अर्ज असतो. त्यात पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि आयोगाला ते कारण नोंदवून मगच उशीर माफ करता येतो. तुम्ही काय दाखवणार? वेचणी? रब्बीच्या पीकविम्याची गर्दी? आजारपण, दवाखान्याचे कागद असं काही असतं तर गोष्ट वेगळी. ‘दुकानदारावर विश्वास ठेवला’ हे कारण मी बरेचदा लिहिलेलं आहे आणि बरेचदा पडलेलं पाहिलं आहे.

म्हणून १२ डिसेंबर, शुक्रवार, ही तुमची शेवटची तारीख समजा. मधले चार दिवस पोर्टल बंद पडण्यासाठी आणि अर्जात निघणाऱ्या त्रुटींसाठी ठेवा. कागद अपुरे असले तरी आहे ते घेऊन दाखल करा. राहिलेला कागद नंतर परवानगी मागून जोडता येतो, गेलेली तारीख जोडता येत नाही. आधी नोटीस दिलीच पाहिजे असा समज आहे, पण तसं बंधन या कायद्यात नाही. दिलेली चांगली दिसते, म्हणून द्यायचीच तर सात दिवसांची द्या, उद्या स्पीड पोस्टानं टाका आणि उत्तराची वाट पाहत बसू नका.

तक्रार कुठं करायची यावर तुम्ही पत्रात पानभर चिंता केलीय. नागपूरला जायची गरज नाही. जुन्या कायद्यात ती अडचण होती. आता कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. म्हणजे यवतमाळ. दुकानदारानंच पेशीला यायचं. फी शून्य आहे, कारण फी किती आणि तक्रार जिल्हा आयोगात की त्याच्या वरच्या, हे दोन्ही तुम्ही मोजलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते. गावाचे शिष्यवृत्तीपासून सातबारापर्यंत सगळे अर्ज तुम्ही भरता आणि स्वतःचा एक अर्ज दोन वर्षं भरला नाहीत, हे वाचून मला चिडावं की हसावं ते कळेना.

आता एक शब्दप्रयोग जो तुमच्या पत्रात कुठंच नाही आणि तक्रारीत असलाच पाहिजे: ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’. सेंटर म्हणजे धंदा, धंद्यासाठी घेतलेली सेवा व्यापारी कारणासाठीची, म्हणून हे ग्राहकच नाहीत, असा पहिला आक्षेप दुकानदाराचा वकील घेणार हे नक्की. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं टाइपरायटरचंच उदाहरण घेतलंय. स्वतः टाइप करून पोट भरणारा माणूस ग्राहकच राहतो, आणि मदतीला एकदोन माणसं ठेवली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. तुमच्या काउंटरवर एकच मुलगा आहे, तो या मर्यादेत बसतो. फक्त एक मेख आहे. २०१९ च्या कायद्यातल्या ‘व्यापारी कारणा’च्या स्पष्टीकरणात ‘वस्तू’ असा शब्द आहे, सेवेचा उल्लेख गळला आहे. त्यावर वाद होऊ शकतो. म्हणून लॅपटॉप घरी मुलीच्या अभ्यासालाही वापरला जात होता हे जे तुम्ही सहज लिहून गेलात, ते खरं असेल तर शपथपत्रात घाला.

पावतीवरच्या छापील ओळीची तुम्हाला फार धास्ती आहे. ती ओळ दुकानदाराला किती तारेल, हे मी आज सांगत नाही. सही होती का, समजावून सांगितलं होतं का, निष्काळजीपणा किती, यावर ते आहे. मात्र ती ओळ डेटापुरती आहे. चालू लॅपटॉप बंद करून परत देणं तिच्यात येत नाही. आणि एक सापळा टाळा: ‘ही अट अनुचित करार ठरवून रद्द करा’ अशी मागणी तक्रारीत घालू नका. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाहीत, त्या राज्य आयोगाकडे जातात. म्हणजे नागपूरचं खंडपीठ, आणि तुमची मुदत अधिकारक्षेत्राच्या वादात अडकली. सेवेतील त्रुटी एवढंच धरा. पैसे घेऊन पक्कं बिल दिलं नाही, हीही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो मुद्दा जिल्हा आयोगात चालतो, तो जरूर घाला.

त्रुटी नेमकी कोणती, हे तुम्हाला मांडता आलेलं नाही. ‘विंडोज खराब टाकली’ एवढ्यानं भागणार नाही. १३ डिसेंबरला दुकानदारानं पाठवलेला निळ्या स्क्रीनचा फोटो नीट मोठा करून पाहा. खाली ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं दिसतं, म्हणजे जिथून विंडोज सुरू व्हायची ती डिस्कच तिला सापडत नाही. माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरला तो दाखवला. त्याचं म्हणणं असं: इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजची पेनड्राइव्ह लावली की यादीत डिस्कच दिसत नाही. कारण बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला विंडोजला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवर नसतो. ‘लोड ड्रायव्हर’वर जाऊन इंटेलचा ड्रायव्हर दाखवला की डिस्क दिसते. घाईतला कारागीर तसं करत नाही, बायोसमध्ये व्हीएमडीच बंद करतो. मग डिस्क दिसते खरी, पण जुनी विंडोज सुरू करू गेलं की हाच निळा स्क्रीन येऊ शकतो. बायोस पूर्ववत केलं की ती बहुधा पुन्हा उठते.

म्हणजे १३ तारखेला तुमचा डेटा डिस्कवर शाबूत असण्याची दाट शक्यता होती. १६ तारखेच्या संदेशात तो गेलेला आहे. मधल्या तीन दिवसांत कुणीतरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे सी, डी असे पाडलेले भाग, डिलीट केली. तसं करताना सेटअप स्वतः इशारा देतो की यातली माहिती जाईल, आणि तरी ‘ओके’ दाबलं गेलं. तुम्हाला न विचारता. ही झाली त्रुटी. हे त्या इंजिनिअरनं शपथपत्रावर लिहून दिलं तर वजन आहे. माझ्या सांगण्याला नाही, मी वकील आहे.

इथंच तुमचा दुसरा हलगर्जीपणा आडवा येतो. यवतमाळच्या मुलानं त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकायचा प्रयत्न केला. आता नागपूरवाला म्हणणार, आमच्याकडून गेला तेव्हा ठीक होता, बिघडवला त्यानं. त्यावर तुमच्याकडे १६ डिसेंबरचा संदेश आहे, म्हणून बचावलात. पण हरवलेला डेटा परत मिळण्याची जी थोडी आशा होती ती तिथं आणखी कमी झाली. डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली, असेल तर मुळातच फार नव्हती.

तो व्हॉट्सअ‍ॅपचा फोन बदलू नका, विकू नका, रिसेट करू नका. स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला दिवाणी कोर्टाइतके चिकटून नसतात, तरी तेच इंजिनिअर भेटणार असतील तर तेही करून घ्या.

पोलिसांचं म्हणाल तर, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ लागायला अप्रामाणिक हेतू लागतो. लॅपटॉप तुम्ही स्वतः नेऊन दिला. ठाण्यात चकरा मारण्यात हे चार आठवडे घालवू नका.

पाच लाखांबद्दल. मागायला हरकत नाही, मिळण्याबद्दल मी गप्प राहतो. लॅपटॉपचे ४७,००० रुपये बिलानं सिद्ध होतात, विंडोजसाठी दिलेले १,८०० रुपये फोनपेवर आहेत, सेंटर किती दिवस बंद होतं ते पोर्टलच्या तुमच्या लॉगिनवरून काढता येईल. त्यापुढचा मानसिक त्रास आयोगाच्या मर्जीवर. डेटाची किंमत लावणं सगळ्यात अवघड, आणि तिथं तुम्हालाच उलट प्रश्न येतील. एक रुपयातल्या पीकविम्याच्या पावत्यांपर्यंत ठीक आहे, पण अख्ख्या गावाची आधार कार्डं आणि बँक पासबुकं डी ड्राइव्हवर कशाला साठवून ठेवली होती? आणि एकाही पेनड्राइव्हवर नक्कल नाही?

दुकानदारानं ‘क्रॅकवाली टाकतो, स्वस्तात पडेल’ म्हटलं आणि तुम्ही ‘चालते’ म्हटलं, हेही चॅटमध्ये आहे. ते पुसू नका, पुसलेलं दुसऱ्या फोनवर असतंच. पण जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली गुन्हा आहे. विंडोज चढलीच नाही, त्यामुळं तुम्ही ती वापरलीत असं म्हणणं अवघड जाईल. तरीही ‘माझी क्रॅकवाली विंडोज नीट टाकली नाही’ अशी तक्रार घेऊन आयोगापुढं जाऊ नका. त्या लॅपटॉपसोबत कंपनीची विंडोज विकत मिळालेली होती, तिची परवान्याची ‘की’ (क्रमांक) मशीनमध्येच असते. ती होती तशी परत करून देणं ही मागणी ठेवा.

दाखल झाल्यावर कायदा सांगतो की २१ दिवसांत तक्रार स्वीकारायची की नाही ते ठरावं, आणि नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात किती वर्षं लागतील ते कुणी सांगू शकत नाही, सदस्यांच्या जागाच वेळेवर भरल्या जात नाहीत. एक गोष्ट मात्र पक्की आहे. विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० दिवस आणि वाढवून आणखी १५, त्यापुढं एक दिवस नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये हे ठरवून टाकलंय. नोटीस बजावली त्या तारखेवर लक्ष ठेवा.

तोवर त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकून काम चालवू का, असं ताजा कलममध्ये विचारलंय. नाही. यवतमाळहून तो आजच परत आणा, त्या मुलानं तो कधी घेतला आणि त्यावर काय केलं ते त्याच्याकडून दोन ओळीत लिहून सही घ्या, आणि आयोग तपासणीचं ठरवेपर्यंत चालूसुद्धा करू नका. कामाला दुसरा घ्या, जुना चालेल. त्याचं पक्कं बिल घ्या, तो खर्चही तक्रारीत मागता येईल.