बर्फाचा दिवस आणि पाच मुलांचा वर्ग

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. शिक्षिका म्हणून माझं हे दुसरंच वर्ष. गेल्या आठवड्यात रात्रभर बर्फ पडला. शाळा बंद असल्याचा निरोप आला नाही, म्हणून मी वेळेवर पोचले. 24 पैकी 5 मुलं आली. नवा धडा घेतला नाही. मुलांनी वाचलं, चित्रं काढली, बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मीही. दिवस फार छान गेला, पण घरी आल्यावर टोचणी लागली, की एक अख्खा दिवस आपण वाया घालवला. काय करायला हवं होतं? – एक शिक्षिका

उत्तर : तुमच्या पत्रातला 'मीही' हा शब्द मला सगळ्यात जास्त आवडला. बाई स्वतः खिडकीशी येऊन उभ्या राहतात तेव्हा मुलांना कळतं, की बाहेर खरंच काहीतरी बघण्यासारखं आहे. तुमचा दिवस वाया गेलेला नाही.

मी याच्या उलट करून पाहिलं आहे. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात असाच बर्फ पडला आणि वर्गात चौघंच आली. अभ्यासक्रम मागे पडला होता, म्हणून मी अपूर्णांकांची बेरीज शिकवायला घेतली. मी फळ्यावर छेद समान करत होते आणि चौघांच्या माना खिडकीकडे. "इकडे लक्ष द्या," म्हटलं. गुणी मुलं, त्यांनी दिलं. दुसऱ्या दिवशी बाकीचा वर्ग आला आणि तीच बेरीज पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली. पण मला लागून राहिलंय ते वेगळंच. घरी जाताना त्यातल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, आज बाहेर आवाज का येत नाहीये?" मला उत्तर ठाऊक नव्हतं. "उद्या सांगते," म्हणाले आणि ते राहूनच गेलं.

ते उत्तर आता इथे देते. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतेक हवाच. स्फटिक एकमेकांवर नुसते टेकलेले असतात आणि मधल्या फटींत हवा भरलेली. असा 10 सेंटीमीटर बर्फ वितळवला, तर पाणी साधारण 1 सेंटीमीटर भरतं. आवाज त्या फटींत शिरतो आणि तिथेच विरून जातो. त्यात रस्त्यावर वाहनंही कमी. पुढे ऊन लागून वरचा थर वितळला आणि रात्री गोठून कडक झाला, की तोच बर्फ आवाज परतवू लागतो. म्हणजे ती शांतता फक्त ताज्या बर्फाची असते. अपूर्णांक उद्यावर ढकलता येतात, ती नाही. पुढच्या वेळी दार किलकिलं करा, पाचही जणांना डोळे मिटून मिनिटभर ऐकायला सांगा. तीन दिवसांनी त्याच दारात उभं करून पुन्हा ऐकवा. फरक त्यांचा त्यांना सापडेल.

त्या हिवाळ्यानंतर मी कपाटात एक खोका ठेवू लागले. त्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेला काळ्या मखमलीचा तुकडा, दोन भिंगं आणि एक पीस. पुठ्ठा आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर गार होऊ द्यायचा, नाहीतर बर्फाचा कण टेकताक्षणी त्याचा थेंब होतो. बोटं मोज्यातच हवीत. आणि मुलांना श्वास बाजूला सोडायला शिकवायचं. हे सर्वांत अवघड, कारण सहा टोकांची चांदणी दिसली की तोंडातून 'हाऽऽ' निघतंच, आणि त्या वाफेने चांदणी जाते. मग पुन्हा नवी शोधायची. तासभर कसा जातो कळत नाही.

हे चालू असताना मी त्यांना विल्सन बेंटलीची गोष्ट सांगायची. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याची आई लग्नाआधी शिक्षिका होती. बराच काळ तिने त्याला घरीच शिकवलं, आणि तिनेच दिलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तो बर्फाचे कण बघू लागला. आधी तो चित्रं काढायचा, पण चित्र पुरं होण्याआधी कण वितळलेला असायचा. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडण्याची खटपट सुरू झाली. 15 जानेवारी 1885 रोजी पहिलं छायाचित्र साधलं, तेव्हा तो 19 वर्षांचा होता. आयुष्यभरात त्याने 5,000 हून अधिक कण टिपले. मला या गोष्टीत नेहमी ती आई दिसते. घरकामाच्या रगाड्यात मुलाला बर्फ बघू देणारी.

मोठ्या वर्गाला जपानच्या उकिचिरो नाकायांबद्दल सांगा. 1936 मध्ये त्यांनी होक्काइडोतल्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर बर्फाचा स्फटिक वाढवून दाखवला. तपमान आणि बाष्प बदललं की आकार बदलतो, हे त्यांनी मांडलं. उणे 5 अंशांच्या आसपास सुया नि खांब होतात, उणे 15 च्या सुमारास फांद्याफांद्यांच्या चांदण्या. बर्फाला ते आकाशातून आलेलं पत्र म्हणत, कारण कणाच्या आकारावरून वरच्या हवेचं वर्तमान वाचता येतं. एकदा मी मुलांना त्या पत्राचं उत्तर लिहायला सांगितलं. एकाने एवढंच लिहिलं, "पोचलं. पण वाचेपर्यंत वितळलं." तो कागद माझ्याकडे आहे.

टोचणी जात नसेल तर एक करा. मी दरवर्षी हजेरीपटाच्या समासात अशा दिवशी पेन्सिलीने बारीक 'बर्फ' लिहायची आणि त्या दिवशी मुलांनी काय विचारलं, तो एक प्रश्न वहीत टिपायची. 31 वर्षांच्या नोकरीत वही अर्धीसुद्धा भरली नाही. शाळेतल्या बाकी तासांपैकी बरेच मला आता वेगळे आठवत नाहीत, एकात एक मिसळून गेलेत. वहीतले दिवस मात्र ओल्या लोकरीच्या वासासकट आठवतात.

प्रश्न : दुपारी बर्फ वाढला की काही पालकांचे फोन येतात, 'घर जवळच आहे, मुलाला एकट्याला सोडा.' सोडावं का? – एक शिक्षक

उत्तर : नाही. घेऊन जायला मोठं माणूस येईपर्यंत मूल शाळेतच राहू द्या, शाळेच्या नियमात हे लिहिलेलं नसलं तरी.

12 जानेवारी 1888 रोजी अमेरिकेच्या मैदानी भागात, डकोटा आणि नेब्रास्कात, सकाळी हवा उबदार होती. मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली. दिवसा अचानक हिमवादळ आलं, समोरचं दिसेना, पारा धडाधड उतरला. वाटेत अडकून 200 हून अधिक माणसं दगावली आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं बरीच होती. मिनी फ्रीमन ही नेब्रास्कातली तरुण शिक्षिका. वाऱ्याने शाळेचं छप्पर उडाल्यावर ती मुलांना घेऊन निघाली आणि जवळच्या शेतघरी सगळ्यांना सुखरूप पोचवलं. पण तिने शाळा सोडली ती छप्पर गेल्यावर, हे लक्षात घ्या.

जवळच्या घराची वाटही बर्फात ओळखू येत नाही. कुंपण, पायरी, खड्डा, सगळं एकसारखं पांढरं.

माझ्याजवळ एकदा पहिलीतला एक मुलगा अंधार पडेपर्यंत राहिला होता. त्याचे हातमोजे आम्ही हीटरवर वाळत घातले. दर दहा मिनिटांनी तो उठून ते चाचपून बघायचा. "अजून ओले आहेत, बाई," म्हणायचा. अंगठ्यापाशी सगळ्यात उशिरा वाळतं, हे त्याने मला दाखवलं. वडील आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर बर्फ होता. मुलाने आपला कोरडा हातमोजा काढला आणि तो त्यांच्या गालाला लावून धरला.