भेटीत तो बोलत का नाही?

"मॅडम, तासन्‌तास रांगेत उभी राहून मी भेटीला जाते. आणि हा बोलतो काय? 'बरंय. ठीकय. मुलं काय म्हणतात?' संपलं. गेल्या वेळी तर म्हणाला, पुढच्या वेळी येऊ नकोस. आम्ही नकोसे झालोय का त्याला?"

कैद्यांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. बायको विचारते, आई विचारते, कधी वयात आलेली मुलगी. बहुतेकांनी उत्तरही आधीच ठरवलेलं असतं: तो रागावलाय, नाहीतर बदललाय. या बाईंच्या दिरांनी तिसरंच उत्तर दिलं होतं, 'जाऊन उपयोग काय?'

नवऱ्याचा खटला अजून चालू होता. म्हणजे शिक्षा नाही आणि सुटकाही नाही. कारागृहातल्या माझ्या समुपदेशनाच्या दिवशी तो येऊन बसला. त्याने जे सांगितलं ते त्याच्या परवानगीनेच मी बाईंच्या कानावर घातलं. ओळख पटेल असं सगळं इथे गाळलंय.

आधी माझ्याशीही 'बरंय, ठीकय' एवढंच. मग मी भेटीचा विषय सोडला आणि म्हटलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत ते सांगा.

कुलूप उघडायच्या आधीच तो जागा असतो. रात्रभर दिवा जळतो, कुणी खोकतं, कुणी घोरतं, कुणी रडतं. कुलूप उघडलं की मोजणी. मग संडासाची रांग, पाण्याची रांग, पुन्हा आत, पुन्हा मोजणी. अंधार पडायच्या आत परत कुलूप, आणि तिथून पुढे रात्र सरता सरत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला अंथरुणाएवढी जागा. नवा माणूस संडासाजवळ. कुणी सुटलं की एकेक जण सरकतो. 'भिंतीची जागा मिळाली तेव्हा बढती झाल्यासारखं वाटलं,' असं म्हणून तो पहिल्यांदा हसला.

मारामाऱ्या, दादागिरी याबद्दल बाहेरच्यांना फार कुतूहल असतं. त्याने ते एका वाक्यात संपवलं: 'नजर खाली ठेवली की बहुतेक दिवस निघतात.' त्याचं दुखणं वेगळंच होतं. दिवसभरात त्याला काहीच ठरवायचं नसतं. दार स्वतः उघडायचं नाही, दिवा स्वतः मालवायचा नाही. कधी उठायचं, कुणाशेजारी झोपायचं, हेही दुसऱ्याच्या हातात. 'घरी मी भिंतीच्या रंगावरून भांडायचो. इथे माझं मत कुणालाच नकोय.'

भेटीच्या आदल्या रात्री तो शर्टाची घडी अंथरुणाखाली ठेवतो, म्हणजे सकाळी चुण्या दिसत नाहीत. दाढी उरकून पुकाऱ्याकडे कान लावून बसतो. नाव येतं. जाळीच्या दोन्ही बाजूंना कितीतरी घरं एकाच वेळी ओरडून बोलत असतात, आणि मनात जुळवून ठेवलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ. सांगावं तर काही घडलेलं नसतं. जे घडलेलं असतं ते घरी सांगण्यासारखं नसतं. त्यातून रडू आलं तर तेच डोळे घेऊन बराकीत परतायचं. 'ती गेल्यावर एक-दोन दिवस कुणाशी बोलवत नाही मला. म्हणून म्हटलं, येऊ नको.'

बाईंना मी सांगितलं, हे शब्दशः घेऊ नका. आतलं आयुष्य माणसात हळूहळू मुरतं, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेमर यांनी १९४० मध्येच मांडलं होतं. बाहेरच्या चांगल्या माणसांशी नातं टिकलं तर ते कमी मुरतं, असंही त्यांचं निरीक्षण होतं. दिरांसाठी आकडाही दिला: अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सुटून आलेल्या १६ हजारांहून अधिक कैद्यांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना भेटायला कुणी येत होतं, त्यांच्या बाबतीत पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी आढळली. चमत्कार नव्हे हा, पण 'उपयोग काय' याला उत्तर नक्कीच आहे. आणि संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम तर सांगतात की, शिक्षा म्हणूनसुद्धा कैद्याचा घरच्यांशी संपर्क बंद करू नये. मग ती बंदी घरच्यांनी आपणहून कशाला घालायची?

मात्र भेटीची रीत बदलायला हवी होती. 'कसा आहेस' विचारू नका, त्याला आतून एकच उत्तर येतं. त्याऐवजी एखादा खराखुरा निर्णय घेऊन जा. गळकं छत आता दुरुस्त करायचं की थांबायचं, मुलाने पुढे काय शिकायचं. तो सांगेल ते शक्यतो तसंच करा आणि पुढच्या वेळी 'केलं' म्हणून सांगा. विचारून मग आपल्याच मनासारखं करायचं असेल, तर न विचारलेलं बरं. वकिलाचं बोलणं सुरुवातीलाच उरकून घ्या. वाईट बातमी लपवू नका, पण जाता जाता टाकूनही येऊ नका. ती घेऊन त्याला कुलपाआड रात्र काढायची असते.

'त्याच्यापायी ही वेळ आली, आणि वर त्यालाच विचारू?' बाई उसळल्या. राग खरा होता. पुढच्या काही बैठका आम्ही त्यावरच बोललो. भेटायला जाणं म्हणजे माफ करणं नव्हे, इतकं पटल्यावर त्या गेल्या.

छताचा विषय काढताच त्याने जाळीसमोर हवेत बोटाने उतार काढून दाखवला, पाणी नेमकं कुठे तुंबतं ते. वेळ संपल्याचा पुकारा झाला तेव्हा त्याचं वाक्य अर्धंच झालं होतं. दीर अजूनही जात नाहीत.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घराला बजावते. गप्प राहणं वेगळं, निरवानिरव वेगळी. आत गेल्यावरचे पहिले दिवस, जामीन नाकारल्यावरचे किंवा निकालानंतरचे दिवस जोखमीचे असतात. अशा वेळी तो जेवण सोडतो, आपल्या वस्तू वाटून टाकतो, 'मुलांना सांभाळ, माझी वाट बघू नको' असं शांतपणे बोलतो, असं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. गेटबाहेर पडण्याआधी ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला आणि कारागृहाच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि वकिलाकरवी लेखी कळवा.