वाचकांचे प्रश्न : आल्प्सच्या घाटांत मोटारसायकल

प्रश्न (कोल्हापूर) : आम्ही चौघे मित्र म्युनिकमध्ये बाइक भाड्याने घेऊन ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर घाट, इटलीतले डोलोमाइट्स डोंगर आणि तिथलाच स्टेल्वियो घाट करायचं ठरवतोय. हातात सहा दिवस आहेत. त्यातच स्वित्झर्लंडचे फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन घाट बसतील का? मनाली-लेह झालंय, रोजच्या चारशे किलोमीटरची सवय आहे. मे महिना कसा?

उत्तर : हे तीन स्विस घाट या फेरीत बसणार नाहीत आणि मे महिना टाळा. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो, पण २७५७ मीटरवरचा स्टेल्वियो बहुधा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. बर्फ जास्त असेल तर आणखी पुढे. जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे धरा. १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते, तेव्हा या घाटांत बस आणि कॅराव्हॅनच्या मागेच दिवस जातो. काही दिवशी स्टेल्वियो आणि डोलोमाइट्सचे काही घाट फक्त सायकलींसाठी राखलेले असतात. त्या तारखा आधी बघून घ्या.

चारशे किलोमीटरचं गणित इथे विसरा. रस्ता गुळगुळीत असला तरी घाटात सरासरी ताशी ४० च्या वर जात नाही. दिवसाला २०० किलोमीटर पुष्कळ झाले. असं आखा : पहिला दिवस म्युनिक ते ऑस्ट्रियातलं ब्रुक. दुसऱ्या दिवशी ग्रोसग्लॉकनर चढून हायलिगेनब्लुट, लिएंझ, टोब्लाख आणि मुक्कामी इटलीतलं कोर्तिना, जेमतेम १७० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी फाल्झारेगो, पोर्दोई, सेला करत बोल्झानो. चौथा दिवस मेरानोवरून प्रातो. त्या रात्री प्रातोतच थांबा आणि पाचव्या दिवशी सकाळी सातला स्टेल्वियो चढायला लागा. नऊनंतर सगळा युरोप तिथे येतो. माथ्यावरून उंब्राइल घाटाने स्वित्झर्लंडच्या सांता मारियात उतरा, तिथून रेशेन खिंडीतून ऑस्ट्रियातलं लांडेक. सहाव्या दिवशी फेर्न खिंडीमार्गे म्युनिक.

ग्रोसग्लॉकनरला टोल आहे आणि रात्री तो रस्ता बंद असतो. ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर बाइकलाही विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतं. स्वित्झर्लंडचं विन्येट मात्र फक्त महामार्गांसाठी असल्याने उंब्राइलला ते लागत नाही.

प्रश्न (नाशिक) : व्हिसा जर्मनीचा काढावा का? विमान म्युनिकलाच उतरतं. आणि इथलं लायसन्स चालतं का?

उत्तर : वरच्याच आखणीत रात्री मोजा : जर्मनीत दोन (म्युनिकला निघण्याआधी एक, परतल्यावर एक), ऑस्ट्रियात दोन, इटलीत तीन. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच असलेल्या व्हिसाचा) अर्ज करायचा असतो, म्हणजे इथे इटलीकडे. मुक्काम सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ धरा.

लायसन्सवर गिअरसह मोटारसायकलचा प्रकार असलाच पाहिजे. बरेच जण कारचं लायसन्स आहे म्हणून निर्धास्त राहतात आणि काउंटरवर अडकतात. त्याच आधारावर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. तो एक वर्ष चालतो. हातात आला की मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना, ते तिथेच उभं राहून तपासा. मूळ लायसन्सही सोबत हवं, एकट्या परवान्यावर बाइक मिळत नाही.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण तो मोटारसायकल अपघाताला लागू आहे का, हे अपवादांच्या पानावर वाचा. अनेक पॉलिसींत दुचाकी वगळलेली असते किंवा इंजिनच्या सीसीची मर्यादा असते. म्हणजे व्हिसा मिळतो, पण हॉस्पिटलचं बिल आपल्याच खिशातून जातं. कंपनीकडून होकार लेखी घ्या.

भाड्याच्या अनामतीसाठी रायडरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय वापर निघण्याआधी सुरू करून घ्यायचा. करारात इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये न्यायची परवानगी लिहून घ्या.

प्रश्न (ठाणे) : पत्नी मागे बसणार आहे. स्टेल्वियोच्या वळणांवर बाइक आडव्या होतात असं ऐकलं. आमचा वरंधा, आंबेनळीचा सराव पुरेल का?

उत्तर : सराव आहे ही चांगलीच गोष्ट, पण तो उलट्या बाजूचा आहे आणि खरा धोका तिथेच आहे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून आपल्याकडे डावं हेअरपिन (रस्ता जवळपास उलटा फिरवणारं वळण) अरुंद आणि उजवं ऐसपैस. तिथे वाहतूक उजवीकडून, म्हणून उजवं हेअरपिन आवळलेलं. चढावर ते सगळ्यात त्रासाचं, कारण वळणाच्या आतल्या कडेला तेवढीच उंची फार थोड्या अंतरात चढायची असते. प्रातोच्या बाजूने ४८ हेअरपिन आहेत. रस्ता १८२० ते १८२५ दरम्यान कार्लो दोनेगानी या अभियंत्याने घोडागाड्यांसाठी बांधला. वळणं त्या वेगाची आहेत.

बाइक पडते ती वेगामुळे नव्हे, वेग संपल्यामुळे. रायडर घाबरून मधोमध क्लच पूर्ण दाबतो, मागच्या चाकाची ओढ जाते आणि इंजिन थांबतं किंवा बाइक मागे सरकते. ती आधीच उजवीकडे कललेली असते. बाइक, दोन माणसं आणि सामान मिळून चारशे किलोंच्या आसपास वजन एका पायावर तोलत नाही.

म्हणून असं करा. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करून पहिला गिअर टाका. मान वर करून वरच्या टप्प्यावरून बस किंवा गाडी उतरतेय का बघा. येत असेल तर वळणाआधीच, बाइक सरळ असताना थांबा. बसला पूर्ण रस्ता लागतो. रस्ता मोकळा असेल तर आपल्याच लेनच्या डाव्या कडेने, मधल्या रेषेजवळून आत शिरा. हाफ क्लच, थ्रॉटल एकसारखा, मागचा ब्रेक हलकासा. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोट लावू नका. नजर चाकापुढे नको, वळण जिथे संपतं तिथे ठेवा. पत्नीला सांगून ठेवा : वळणात हलायचं नाही, तुमच्या उजव्या खांद्यावरून पुढे बघायचं.

घरी सराव करायचा तर मोकळ्या मैदानात आरटीओचा आठचा आकडा काढा, पण पत्नीला आणि भरलेल्या बॅगा घेऊन. उजवीकडचा फेरा लहान लहान करत न्या. बाइक निवडताना १२०० सीसीचा मोह टाळा. दोघांना ८००-९०० सीसी भरपूर आहे, आणि दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकणं अश्वशक्तीपेक्षा मोलाचं.

डाव्या वळणांचा धोका वेगळा. आपली सवय आपल्याला समोरच्याच्या लेनमध्ये ओढते. विशेषतः फोटोला किंवा पेट्रोलला थांबून परत निघताना. टाकीवर उजवीकडे रोखलेला बाण चिकटपट्टीने लावून ठेवा. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला.

प्रश्न (पणजी) : उतारावर ब्रेकचा वास येतो, लिव्हर मऊ लागतो. कारण काय?

उत्तर : ब्रेक ऑइल उकळतंय. डॉट-४ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअस सोसतं, हवेतलं पाणी शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ च आहे. वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर दाबला जातो पण दाब कॅलिपरपर्यंत (चाकाची डिस्क पकडणाऱ्या भागापर्यंत) पोचत नाही. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका, ठरावीक जागी नीट दाबा आणि सोडा. लिव्हर मऊ झालाच तर थांबून अर्धा तास निवू द्या, पाणी ओतू नका. बाइक ताब्यात घेताना रिझर्व्हॉयरमधलं ऑइल काळपट दिसलं तर बदलून मागा.

प्रश्न (सातारा) : कपडे किती न्यावेत? पेट्रोलचं काही वेगळं?

उत्तर : दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. बोल्झानोत ३२ असेल तर स्टेल्वियोच्या माथ्यावर १६ च्या आसपास, त्यात वारा. जाळीदार जॅकेटच्या आत घालायचा गरम थर आणि वरून रेनसूट, दोन्ही हाताशी येतील असे ठेवा. हेल्मेट ईसीई २२.०५ किंवा २२.०६ या युरोपीय सुरक्षा मानकाच्या शिक्क्याचंच घ्या. ऑस्ट्रियात बाइकवर प्रथमोपचार पेटी सक्तीची आहे.

इटलीत पंपावर ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल, ‘गासोलियो’ म्हणजे डिझेल. नावातल्या ‘गास’वर जाऊ नका. ‘सेर्विटो’ लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि दर जास्त असतो. अपघात झालाच तर सगळीकडे एकच नंबर : ११२.