पुस्तक वाचून मुलगी म्हणते कॉमेडीत जायचं, काय करू?

प्रश्न: मुलगी एस वाय बीकॉमला आहे, आम्ही सिंहगड रोडला राहतो. टीना फे नावाच्या अमेरिकन विनोदी लेखिका-अभिनेत्रीचं बॉसीपँट्स हे पुस्तक वाचलं आणि तेव्हापासून म्हणते मला कॉमेडीच करायची, सीएचा नाद सोडला. तिचे बाबा बोलायलाच तयार नाहीत. मला वाटतं मुलीच्या जातीला हे रात्रीबेरात्रीचं काम झेपेल का, आणि पोट तरी भरेल का?

ताई, आधी एक करा, ते पुस्तक तिच्याकडून मागून घ्या आणि तुम्ही स्वतः वाचा. खरंच सांगते, ते वाचून तुमची अर्धी भीती जाईल आणि तिचीही अर्धी हवा जमिनीवर येईल, कारण 2011 साली आलेलं हे पुस्तक विनोदी आहे पण आत सगळी मेहनतीचीच गोष्ट आहे. ही बाई नाटकाची डिग्री घेऊन शिकागोला गेली तर पहिली नोकरी काय, वायएमसीएच्या फ्रंट डेस्कवर, पहाटेची शिफ्ट, येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तरं देत बसायचं, आणि त्या पगारातून सेकंड सिटी या विनोदी नाटकांच्या संस्थेत इम्प्रोव्हचे, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी प्रसंग रंगवण्याचे, क्लास. मग त्यांच्या दौऱ्यावरच्या ग्रुपमधे. 1997 ला सॅटर्डे नाईट लाईव्ह या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आली ती लेखक म्हणून, 1999 ला तिथली पहिली महिला हेड रायटर झाली, आणि कॅमेऱ्यासमोर नियमित दिसायला लागली ती त्याच्यानंतर. मुलीला एवढंच विचारा की बाळा, यातलं लिहिण्याचं काम तुला आवडतंय की स्टेजवरचं? दोन्हीही चालेल, पण दोन्हीची तयारी वेगळी असते.

मुलीच्या जातीचं म्हणालात ना, त्यातलाच एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सेकंड सिटीत तेव्हा ग्रुपमधे चार पुरुष आणि दोन बायका असायच्या, समान करा म्हटलं तर उत्तर मिळालं की बायकांना पुरेसे रोल मिळणार नाहीत. आता बघा, शो तर हीच मंडळी आपापसात उभा करत होती, रोल कमी पडतीलच कसे! नंतर तीन-तीन झाले आणि त्या तिघींत ही होती. आपल्याकडे निर्मिती सावंत, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांना अख्खं घर एकत्र बसून बघतं, तुम्हीही बघत असाल, तेव्हा बाईने हसवायचं कसं हा प्रश्न मनातून काढूनच टाका.

पैशाचं मात्र गोड बोलणार नाही. सुरुवातीची बरीच वर्षं उत्पन्न अनियमित असतं, ओपन माईकला, म्हणजे नवख्यांना स्टेज मिळतं त्या कार्यक्रमांना, बहुतेक वेळा काही मिळत नाही. म्हणून बीकॉम पूर्ण करायचंच, यात तडजोड नको. लॉ कॉलेज रोडच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या पटकथालेखनाच्या कोर्सला पदवी लागतेच, आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात पदवीनंतर नाटकाचं एमए करता येतं, प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीचे साईटवर बघा. सीए सोडलं तरी अकाउंट्सची पार्टटाईम नोकरी तिला मिळू शकते, तिचं हे वायएमसीए समजा.

रात्रीची काळजी खरी आहे. कुठे आहे, बरोबर कोण आहे, परत कशी येणार हे आधी ठरलेलं असलं की तुम्हालाही झोप लागेल आणि तिलाही चोरून जावं लागणार नाही.

आणि कॉलेज आहे तोवर पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या टीममधे घुसायला सांगा, बॅकस्टेजला का होईना, नाटकाची प्रॉपर्टी उचलायला मिळाली तरी उचल म्हणावं. स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात आरोळ्या थांबून पडदा वर जातो आणि हशा येणार म्हणून लिहिलेल्या वाक्याला समोर शांतता मिळते, तेव्हा ते वाक्य रात्री घरी येऊन पुन्हा लिहावंसं वाटतं का, हे तिचं तिला कळू दे. असं वाटणारी मुलं टिकताना मी बघितलीत. नुसती टाळ्यांसाठी आलेली दमतात, त्यात वाईट काही नाही, तीही पुढे दुसरीकडे छान रमतात.

बाबांना लगेच पटवायला जाऊ नका. तिला म्हणा परीक्षेपर्यंत दर आठवड्याला घरातल्या, सोसायटीतल्या, पीएमपीच्या बसमधल्या एखाद्या प्रसंगावर दोन पानं लिही, मराठीत, आणि जेवण झाल्यावर वाचून दाखव. बाबा पेपर बाजूला ठेवणार नाहीत कदाचित पण ऐकतील. परीक्षा झाली की ती पानं घेऊन तिघंही या, पुढचं आपण बसून ठरवू.